मुलांचं डोकं सारखं दुखतंय? आधी वही काढा

आमच्याकडे पोरांनी डोकं दुखतंय म्हटलं की तीनच निदानं, चष्म्याचा नंबर आला असेल, सायनस असेल नाहीतर पित्त झालं असेल. माझी पुतणी आठवीत आहे, तिला महिन्यात चार-पाचदा व्हायचं, क्लासवरून आली की खोलीत अंधार करून पडून राहायची, टीव्हीचा आवाज नको, फोडणीचा वास नको, मग एकदा उलटी होऊन झोप लागली की उठल्यावर एकदम फ्रेश. उलटीनंतर बरं वाटतं म्हणजे पित्तच, असं आजीचं ठाम मत. पण हे सगळं वर्णन मायग्रेनचं आहे, म्हणजे आपली अर्धशिशी, आणि त्यातली मळमळ डोक्याच्या दुखण्याचाच भाग असते.

नावातल्या 'अर्ध'मुळे फसायला होतं. मुलांमध्ये बऱ्याचदा कपाळ दोन्हीकडून दुखतं आणि मोठ्यांचा अटॅक निदान 4 तासांचा धरतात तर मुलांचा 2 तासांतही संपू शकतो, त्यामुळे संध्याकाळी खेळायला गेलेली मुलगी बघून 'नाटक होतं' असं वाटतं. ते नाटक नसतं हो. मेंदूला स्वतःला दुखणं कळतच नाही, त्याच्या आवरणांना आणि तिथल्या रक्तवाहिन्यांना कळतं, आणि ते वाहून नेणारी नस चेहऱ्याचीच, म्हणून अटॅकमध्ये कधी नाक चोंदतं, डोळ्यांतून पाणी येतं आणि सायनसचा शिक्का बसतो.

डॉक्टरांनी वही करायला सांगितली. कधी दुखलं, किती वेळ, आदल्या रात्री झोप किती, काय खाल्लं, गोळी घेतली का. दीड महिन्यात चित्र स्पष्ट झालं, सकाळी नुसतं दूध पिऊन शाळा, पाण्याची बाटली भरलेली तशीच परत, झोप जेमतेम 6 तास, या वयाला 8 ते 10 लागते. गोळ्यांचा रकाना तर नीट बघाच, साधी पेनकिलरसुद्धा महिन्यात 15 किंवा जास्त दिवस, अशी तीन महिन्यांच्या वर चालली तर गोळीमुळेच डोकं दुखायला लागतं.

अटॅक येऊच नयेत म्हणून रोज घ्यायच्या औषधांबद्दल एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. अमेरिकेत मायग्रेन असलेल्या 8 ते 17 वयाच्या मुलांवर झालेली मोठी चाचणी 2017 मध्ये छापून आली, दोन नेहमीच्या औषधांनी 52 आणि 55 टक्के मुलांचे दुखण्याचे दिवस निम्म्यावर किंवा त्याहून खाली आले, आणि औषध नसलेल्या खोट्या गोळीने 61 टक्के!

मात्र काही गोष्टींना वहीची वाट बघू नका. दुखण्याने झोपेतून जाग येणं, पहाटे उलट्या, खोकल्यावर वाढणं, एकाचे दोन दिसणं, तोल जाणं, स्वभाव बदलणं, दर आठवड्याला दुखणं वाढत जाणं, यातलं काहीही असलं तर लगेच दाखवा. तेव्हा डॉक्टर बीपी बघतात आणि बाहुलीतून प्रकाश टाकून डोळ्याचा मागचा पडदा तपासतात, कारण कवटीतलं प्रेशर वाढलं असेल तर डोळ्याची नस सुजलेली तिथेच दिसू शकते.