लूव्रच्या फरशीवर लावलेलं हार्ट-लंग मशीन

एक्मो (रक्त शरीराबाहेर फिरवून हृदय आणि फुफ्फुसांचं काम तात्पुरतं करणारं मशीन) हा शब्द आपल्यातल्या बऱ्याच जणांनी पहिल्यांदा ऐकला तो डिसेंबर २०१६ मध्ये, जयललितांना कार्डिअ‍ॅक अरेस्ट आला आणि त्यांना एक्मोवर ठेवल्याची बातमी दिवसभर टीव्हीवर चालली तेव्हा. मग २०२० मध्ये कोविडच्या वेळी एसपी बालसुब्रमण्यम यांच्या बातम्यांत परत ऐकला. दोघंही वाचले नाहीत, आणि तेव्हापासून लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय की एक्मो म्हणजे सगळं संपलंय, नुसतं मशीनवर ठेवलंय. हा गैरसमज मला फार खटकतो. कारण पॅरिसमध्ये २०११ पासून इमर्जन्सीचे डॉक्टर हेच मशीन गाडीत टाकून पेशंट जिथे कोसळलाय तिथे घेऊन जातात. लूव्र म्युझियममधला त्यांचा एक फोटो आहे, भिंतीवर मोठमोठी पेंटिंग्ज आणि खाली फरशीवर पेशंटला एक्मो लावणं चाललंय. मी तो फोटो कितीतरी वेळ बघत बसलो होतो.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. हार्ट अटॅक म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत ब्लॉक, माणूस बहुतेक वेळा शुद्धीवर असतो. कार्डिअ‍ॅक अरेस्ट म्हणजे हृदयाचं पंपिंगच बंद, दहा-पंधरा सेकंदात शुद्ध जाते. (म्हणून तो "एकटे असताना हार्ट अटॅक आला तर जोरजोरात खोका" वाला फॉरवर्ड कृपा करून पुढे पाठवू नका. अरेस्टमध्ये खोकायला शुद्ध राहत नाही आणि अटॅकमध्ये खोकत बसलात तर १०८ ला फोन करायचा वेळ जातो.)

आता छाती दाबून सीपीआर दिला तरी नॉर्मलच्या साधारण पाव ते एक तृतीयांश इतकंच रक्त फिरतं. मेंदू काही वेळ तग धरतो, पण कायम नाही. बरेच जण छातीवर दिलेल्या एक-दोन विजेच्या शॉकमध्ये परत येतात. काहींचं हृदय मात्र शॉक दिला की क्षणभर सुधारतं आणि परत थरथरायला लागतं, कारण मूळ ब्लॉक तसाच असतो आणि स्नायूला रक्तच मिळत नसतं. ब्लॉक काढायला कॅथलॅब (हॉस्पिटलमधली अँजिओप्लास्टीची खोली) पाहिजे, कॅथलॅबपर्यंत जिवंत पोचायला रक्त फिरतं पाहिजे, आणि रक्त फिरवणारं हृदय तर बंद पडलंय. या चक्रातून बाहेर काढायला मशीन. ते हृदय सुरू करत नाही, फक्त तेवढ्या वेळापुरतं त्याचं आणि फुफ्फुसांचं काम करतं.

जांघेतल्या शिरेतून साधारण आठ मिलिमीटर जाडीची नळी वर हृदयाच्या उजव्या कप्प्यापर्यंत सरकवतात, तिच्यातून काळपट रक्त बाहेर येतं. पंप ते ऑक्सिजनेटरमधून, म्हणजे रक्तात ऑक्सिजन भरणाऱ्या डब्यातून ढकलतो आणि लालभडक झालेलं रक्त जांघेतल्याच धमनीत घातलेल्या दुसऱ्या नळीने परत जातं, मिनिटाला तीन-चार लिटर. हे सगळं छातीवर दाब चालू असताना, हलणाऱ्या शरीरात, सोनोग्राफीच्या स्क्रीनवर शीर शोधून करायचं.

आणि तो ऑक्सिजनेटर! माझा सगळ्यात आवडता भाग. १९५३ मध्ये फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी पहिल्यांदा हार्ट-लंग मशीन वापरून यशस्वी ओपन हार्ट सर्जरी केली तेव्हा ते मशीन भलंमोठं होतं, आयबीएमच्या इंजिनिअरांनी बांधायला मदत केली होती, आणि त्यात रक्ताचा पातळ थर स्टीलच्या जाळ्यांवरून ऑक्सिजनमध्ये सोडायचे. आज तेच काम हातात मावणाऱ्या डब्यात होतं. आत शेवयांसारख्या बारीक, पण पोकळ, अशा हजारो प्लास्टिकच्या नळ्या असतात. वाटतं की रक्त नळ्यांच्या आतून जात असेल, पण उलटं आहे, आतून गॅस आणि बाहेरून रक्त. कारण असं की ऑक्सिजन रक्तात फार हळू पसरतो. नळीला चिकटून जाणाऱ्या लाल पेशी लगेच भरून जातात आणि त्यांच्या मागच्या उपाशी राहतात, म्हणून नळ्यांच्या चटया आडव्या-तिरप्या एकावर एक रचतात, रक्त त्यांच्यातून वळणं घेत जातं, सारखं ढवळलं जातं आणि प्रत्येक पेशीला कधी ना कधी भिंतीजवळ यायला मिळतं. जाळीमुळे रक्त ढवळलं की ऑक्सिजन जास्त मिसळतो हे गिबन यांच्याही लक्षात आलं होतं. कार्बन डायऑक्साइडचं वेगळंच, तो ऑक्सिजनच्या वीसेक पट सहज आरपार जातो, त्यामुळे तो किती बाहेर काढायचा हे गॅसच्या वेगावर ठरतं आणि ऑक्सिजन किती चढणार हे मुख्यतः रक्ताच्या वेगावर, म्हणजे दोन वेगळे नॉब. आधीच्या प्लास्टिकला सूक्ष्म भोकं असायची, काही तासांत त्यातून प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ द्रव, पाझरायचा. आता पॉलिमिथाइलपेंटीनच्या नळ्यांवर अखंड पातळ त्वचा असते, गॅस जातो आणि प्लाझ्मा जात नाही, म्हणून एक ऑक्सिजनेटर कित्येक दिवस चालतो.

अजून एक गुंता. मशीनचं रक्त महाधमनीत (हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीत) खालून वर, म्हणजे नेहमीच्या उलट्या दिशेने चढतं. हृदय थोडं सुरू झालं की ते वरून खाली ढकलतं आणि मध्ये कुठेतरी दोन्ही प्रवाह भिडतात. फुफ्फुसं खराब असतील तर हृदयातून येणारं रक्त कमी ऑक्सिजनचं असतं आणि नेमकं तेच आधी हृदयाच्या स्वतःच्या वाहिन्यांना आणि मेंदूला मिळतं, पायात मात्र लालभडक! म्हणून ऑक्सिमीटर मुद्दाम उजव्या हाताच्या बोटाला लावतात, कारण उजव्या हाताकडे जाणारा फाटा हृदयाच्या अगदी जवळ फुटतो आणि तिथला आकडा मेंदूला काय मिळतंय ते सांगतो.

मग याने लोक वाचतात का? मिनेसोटातला एक अभ्यास २०२० मध्ये आला, फक्त ३० पेशंट, नेहमीच्या उपचारात ७ टक्के घरी गेले आणि एक्मोवाल्यांत ४३ टक्के, इतका फरक की अभ्यास मध्येच थांबवला. यावरून "मृत्यूवर मात" छापाच्या बातम्या झाल्या. पण २०२३ मध्ये नेदरलँड्सच्या दहा हॉस्पिटलांत मेंदू शाबूत ठेवून वाचलेले एक्मोवाल्यांत २० टक्के आणि नेहमीच्या उपचारात १६ टक्के निघाले, म्हणजे ठाम काही म्हणता येईना. मला यात विरोधाभास दिसत नाही. मिनेसोटात रोज हेच करणारी एकच टीम होती आणि कोसळल्यापासून तासाभरात मशीन सुरू व्हायचं, डच अभ्यासात सव्वा तासाच्या आसपास लागला. पॅरिसवाल्यांनीही सुरुवातीला ८ टक्केच वाचवले होते. मग त्यांनी पेशंट नीट निवडले, वीस मिनिटांत हृदय परत आलं नाही तर मशीनचा निर्णय लगेच घ्यायचा असं ठरवलं, आणि आकडा २९ टक्क्यांवर गेला.

पेशंट निवडणं म्हणजे मुख्यतः दोन प्रश्न. कोसळताना कुणी पाहिलं का, आणि लगेच छाती दाबायला सुरुवात केली का. पहिली पाच-एक मिनिटं कुणीच हात लावला नसेल तर बहुतेक टीम नळ्या घालतच नाहीत, कारण रक्त परत फिरलं तरी मेंदू परत येत नाही. आपल्याकडे अशी गाडी आत्ता रस्त्यावर आणण्याआधी मला सोसायटीच्या वॉचमनला, जिमच्या ट्रेनरला, कंडक्टरला सीपीआर येणं जास्त तातडीचं वाटतं: छातीच्या मधोमध, पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० दाब, आणि दुसऱ्या कुणाला तरी १०८ लावायला सांगायचं.