व्यावसायिक नेटवर्किंग संकेतस्थळांवरून नोकरीचा शोध

कामानिमित्ताच्या ओळखी जपण्यासाठी आणि वाढवण्यासाठी चालवल्या जाणाऱ्या संकेतस्थळांच्या मदतीने नोकरी मिळवण्याची पद्धत. अशा संकेतस्थळावर प्रत्येक सभासदाचे शिक्षण, अनुभव आणि कौशल्ये सांगणारे एक पान असते. त्याला प्रोफाइल म्हणतात. दोघांनी परस्परांची ओळख मान्य केली की ते एकमेकांचे कनेक्शन होतात. जॉब पोर्टलवर मुख्यतः जागेची जाहिरात दिसते. इथे जाहिरातीसोबत त्या कंपनीत काम करणारी माणसे दिसतात, आपल्या ओळखीतले कोण त्यांना ओळखते हेही दिसते. या पद्धतीचे बळ त्यातच आहे. तरीही बरेच जण या संकेतस्थळांचा उपयोग केवळ अर्ज टाकण्यापुरता करतात.

ओळखींची साखळी इंटरनेटवर उघड मांडण्याची कल्पना १९९७ मध्ये ‘सिक्सडिग्रीज’ या संकेतस्थळाने रुजवली. कामधंद्याच्या ओळखींसाठी २००१ मध्ये ‘रायझ’ निघाले. रीड हॉफमन आणि सहकाऱ्यांनी डिसेंबर २००२ मध्ये स्थापन केलेले ‘लिंक्डइन’ ५ मे २००३ रोजी सुरू झाले. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते २६.२ अब्ज डॉलरना विकत घेतले. जर्मन भाषक देशांत हॅम्बुर्गचे ‘झिंग’ (२००३ मधील मूळ नाव ‘ओपनबीसी’) आणि चीनमध्ये ‘मायमाय’ रुजले.

नोकरी ओळखीतून मिळते हे सगळेच जाणतात. पण कुठल्या ओळखीतून, हा प्रश्न समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी विचारला. बॉस्टनजवळच्या न्यूटन येथे नुकतीच नोकरी बदललेल्या व्यावसायिकांशी ते बोलले. ज्यांना ओळखीतून नोकरी लागली होती, त्यांपैकी सुमारे १७ टक्के लोकांची त्या ओळखीच्या माणसाशी वारंवार गाठ पडत असे. सुमारे ५६ टक्क्यांची अधूनमधून, तर सुमारे २८ टक्क्यांची क्वचितच. जवळच्या मित्राला बहुधा तेच ठाऊक असते जे आपल्याला ठाऊक असते; लांबचा परिचित वेगळ्या वर्तुळात वावरतो, म्हणून त्याच्याकडची बातमी नवी असते. १९७३ मध्ये मांडलेला हा विचार ‘दुबळ्या दुव्यांचे बळ’ म्हणून ओळखला जातो. लिंक्डइनच्या सुमारे २ कोटी सभासदांवर पाच वर्षे झालेल्या प्रयोगांचे निष्कर्ष २०२२ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आले. त्यांनी या विचाराला दुजोरा दिला आणि थोडी दुरुस्तीही केली: नोकरी बदलायला सर्वांत उपयोगी पडतात ते मध्यम दुबळे दुवे. अगदी जिवलग नव्हे आणि अगदी परकाही नव्हे, असा माणूस. जुन्या कंपनीतला शेजारच्या विभागाचा सहकारी, प्रशिक्षणात भेटलेली एखादी व्यक्ती, दोन वर्ग पुढे असलेला विद्यार्थी. नोकरी शोधणाऱ्याने आपली यादी चाळायला बसावे ते या लोकांसाठी.

प्रोफाइल वाचले जाण्याआधी ते सापडावे लागते. कंपनीसाठी उमेदवार शोधणारा रिक्रूटर शोधपेटीत पदाचे नाव, कौशल्य, ठिकाण, अनुभवाची वर्षे असे शब्द टाकतो आणि समोर आलेल्या यादीवरून भराभर नजर फिरवतो. त्या यादीत नावाखाली लगेच दिसते ती ओळ म्हणजे हेडलाइन. ‘नव्या संधीच्या शोधात असलेला मेहनती तरुण’ असे लिहिले, तर त्यात शोधण्याजोगा एकही शब्द नाही. ‘गोदाम पर्यवेक्षक, औषधांची शीतसाठवण, ६ वर्षे’ ही ओळ शोधात सापडते आणि वाचणाऱ्याला कामही कळते. अनुभवाच्या रकान्यातही ‘साठ्याची जबाबदारी सांभाळली’ यापेक्षा किती माल होता, किती माणसे हाताखाली होती, काय सुधारले हे लिहिलेले अधिक भरते.

खरी परीक्षा संदेशाची. ‘कृपया माझा बायोडेटा पाहा, कुठलीही नोकरी चालेल’ असा संदेश बहुधा अनुत्तरित राहतो. समोरचा माणूस निष्ठुर असतो म्हणून नव्हे. त्याने नेमके काय करायचे हे त्याला कळत नाही म्हणून. याउलट हा संदेश पाहा: ‘नमस्कार सर. चार वर्षांपूर्वी आपण एकाच प्रकल्पावर होतो. मी साठ्याचा हिशेब पाहत असे. आपल्या कंपनीत वितरण विभागात जागा निघाल्याचे दिसले. तिथे रात्रपाळी किती असते आणि कुठले सॉफ्टवेअर वापरतात, एवढे सांगू शकाल का?’ याला दोन मिनिटांत उत्तर देता येते. बोलणे जमले तर रेफरलचा, म्हणजे आपले नाव कंपनीला सुचवण्याचा, विषय पुष्कळदा तोच माणूस काढतो. अनेक कंपन्यांत कर्मचाऱ्याने सुचवलेला अर्ज वेगळा पाहिला जातो, आणि निवड झाल्यास सुचवणाऱ्याला बक्षीसही मिळते. हा वशिला नव्हे. वशिल्यात पात्रतेला वळसा घातला जातो. रेफरलमध्ये दार ठोठावायला मदत होते, मुलाखत ज्याची त्यालाच द्यावी लागते.

एका टिचकीत अर्ज पाठवण्याच्या सोयीने मात्र दोन्हीकडे गर्दी केली आहे. अर्ज करणे जितके सोपे, तितका त्यांचा ढीग मोठा. म्हणून अर्ज टाकल्यावर त्या विभागातल्या एखाद्या व्यक्तीला चार ओळी लिहिणे हे फुकट जाणारे काम नाही.

नोकरी शोधत असल्याचे जाहीर करण्यासाठी लिंक्डइनवर छायाचित्राभोवती हिरवी चौकट लावता येते. चौकट न लावता ही माहिती फक्त रिक्रूटरना दिसेल अशीही ठेवता येते. तेव्हा ती सध्याच्या कंपनीच्या रिक्रूटरपासून लपवण्याचा प्रयत्न होतो, पण पूर्ण गुप्ततेची हमी संकेतस्थळ देत नाही. नोकरीत असताना शोध घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

फसवणूक हा या माध्यमाचा सर्वांत दुखरा भाग आहे, कारण ती अडलेल्या माणसाची होते. खोटा रिक्रूटर नामांकित कंपनीचे नाव लावतो, मुलाखत केवळ चॅटवर उरकतो आणि नोंदणी, प्रशिक्षण किंवा लॅपटॉपसाठी आगाऊ पैसे मागतो. प्रामाणिक नियुक्तीत उमेदवाराकडून असे पैसे घेतले जात नाहीत. खाते अलीकडेच उघडलेले असणे, कंपनीच्या नावाचा ईमेल नसणे, बँक तपशिलाची घाई यांवरून संशय घ्यावा. ती जागा कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर आहे का, हे पाहायला फार वेळ लागत नाही.

या पद्धतीची मर्यादा तिच्या मुळातच आहे: ज्याच्या घरात कोणी कचेरीत काम केलेले नाही, त्याची यादी रिकामी सुरू होते. संकेतस्थळाच्या ‘ओळखीचे असू शकतील’ अशा सूचना बऱ्याच अंशी आधीच्या ओळखींवर बेतलेल्या असल्याने ज्याच्याकडे आहे त्याचेच जाळे वाढते. अशा उमेदवाराला सर्वांत उपयोगी पडते ते शिक्षणसंस्थेच्या पानावरचे माजी विद्यार्थ्यांचे दालन. आपल्याच संस्थेतून शिकून गेलेले कोण कुठल्या कंपनीत, कुठल्या कामावर आहेत हे तिथे गाळून पाहता येते, आणि पहिल्या संदेशाची पहिली ओळ आपोआप मिळते: ‘मीही तिथेच शिकलो.’