चेचिलिया मेतेल्लाच्या थडग्यातला चुना

'रोमन काँक्रीट आजच्यापेक्षा भारी' असे फॉरवर्ड सारखे फिरत असतात. त्यात तथ्य किती, ते तपासायला रोममधला विया आप्पिया हा जुना रस्ता उत्तम. शहराच्या हद्दीत प्रेत पुरायला किंवा जाळायला रोमन कायद्याने मनाई होती, म्हणून वेशीबाहेर रस्त्याच्या कडेने थडगी उभी राहिली. त्यातलं सर्वांत देखणं थडगं चेचिलिया मेतेल्ला या उमराव घरातल्या स्त्रीचं. सुमारे २१ मीटर उंच, बुरुजासारखं गोल, २०५० वर्षांपूर्वीचं. वरच्या पट्टीवर कोरलेल्या बैलांच्या कवट्या आवर्जून बघा.

खरी गंमत मात्र आतल्या चुन्यात आहे. रोमन गवंडी चुन्यात जवळच्या आल्बान टेकड्यांच्या ज्वालामुखीची राख कालवत. राखेतली सिलिका आणि ॲल्युमिना चुन्यातल्या कॅल्शियमशी संयोग पावतात आणि कॅल्शियम-ॲल्युमिनियम-सिलिकेट-हायड्रेट तयार होतं. दगडगोटे धरून ठेवणारा बंध तो हाच.

२०२१ साली अमेरिकेतल्या एमआयटी आणि युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी या थडग्याच्या चुन्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. या राखेत ल्यूसाइट नावाचं पोटॅशियमयुक्त खनिज भरपूर आहे. शतकानुशतकं पावसाचं आणि जमिनीतलं पाणी भिंतीत मुरलं, ल्यूसाइट विरघळलं, त्यातलं पोटॅशियम सुटून बंधात शिरलं. आजच्या काँक्रीटमध्ये एवढी अल्कली (पोटॅशियम, सोडियम यांसारखी क्षारधर्मी द्रव्यं) सुटली, तर ती खडीतल्या सिलिकेशी मिळून जेल बनवते. जेल पाणी पिऊन फुगतं आणि बारीक भेगा पडतात. इथे तसं झालं नाही. पोटॅशियममुळे बंधाची रचनाच बदलली. कुठे तो शाबूत राहिला, कुठे दुभंगून तंतूंसारखा पसरला. खडा आणि चुना जिथे एकमेकांना भिडतात तो सांधा एरवी सर्वांत कच्चा. इथे तो काळ जाईल तसा पक्का होत गेला!

याला 'हरवलेलं दिव्य ज्ञान' म्हणणं चूक आहे. पोटॅशियम हे मूलद्रव्य वेगळं काढलं गेलं तेच १८०७ मध्ये. कोणत्या खाणीतली राख चांगली, हे रोमन गवंड्यांना अनुभवाने कळलं होतं, आणि तेवढं श्रेय पुरेसं मोठं आहे. शिवाय ही तुलनाच सरळ नाही. आपल्या काँक्रीटमध्ये लोखंडी सळ्या असतात, त्या गंजून फुगतात आणि स्लॅब फोडतात. थडग्याच्या काँक्रीटमध्ये सळ्या नाहीत, त्याला फक्त दाब सोसायचा आहे. त्याच काँक्रीटचा सळ्यांविना पातळ स्लॅब किंवा लांब तुळई केली असती, तर ती वाकताना खालच्या बाजूने तडकली असती.