वाळूत रुतलेला ट्रॉलर का सुटत नाही?

१ ऑगस्टला मासेमारीबंदी उठते आणि चोर्ला घाटातून बांगडा पुन्हा बेळगावच्या बाजारात येऊ लागतो. समुद्र मात्र अजून खवळलेलाच असतो. अशा दिवसांत नदीचं मुख ओलांडणं खलाशांच्या जिवावर बेतू शकतं.

आपल्या खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई मांडवी होऊन पणजीजवळ समुद्राला मिळते. तिथे आग्वादपाशी पाण्याखाली वाळूचा दांडा आहे. समोरून नदीचा लोंढा आला की समुद्राची लाट आखूड होते आणि उभी चढते. त्यात पाणी उथळ. लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट खोली उरली की ती फुटते. म्हणजे दोन मीटरची लाट अडीच मीटर पाण्यात फुटणार, आणि ट्रॉलरचा तळही पाण्याखाली दीड-दोन मीटर असतो. लाट फुटते तिथेच बोट टेकते! बोट पुढे ढकलणाऱ्या पंख्यात जाळं अडकून इंजिन बंद पडलं आणि नांगरही धरला नाही, तर तांडेलाच्या, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाच्या, हातात काही उरत नाही.

मग प्रत्येक लाट बोटीला उचलून आपटते. किनाऱ्यावर उभं राहिलं की टाचांखालची वाळू निसटते, तशी तळाभोवतीची वाळू पाणी कोरून नेतं. बोट खड्ड्यात बसते, आडवी होते, कलंडते.

म्हणून आधी माणसं. किनारा जवळ दिसला तरी उडी मारू नये. फुटत्या लाटांत, सुटलेल्या दोरखंडांत पट्टीचा पोहणाराही गुंततो. लाइफ जॅकेट घालून बोटीवर थांबावं, व्हीएचएफ रेडिओच्या चॅनल १६ वर किंवा तटरक्षक दलाच्या १५५४ क्रमांकावर कळवावं. इस्रोने विकसित केलेलं 'डीएटी' यंत्र उपग्रहामार्फत बोटीचा ठावठिकाणा पोचवतं. मदतीची बोटही त्याच पाण्यात रुतू शकते, म्हणून कित्येकदा हेलिकॉप्टरमधून दोर सोडून एकेकाला उचलावं लागतं.

बोटीचं काय, ते चंद्र ठरवतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, म्हणजे सर्वांत मोठी भरती; अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे सर्वांत लहान भरती. भांगाच्या भरतीला रुतलेली बोट आठवडाभरात वाढत्या पाण्यावर सुटू शकते. ऐन उधाणात रुतली, तर तेवढं पाणी पुन्हा चढायला पंधरवडा लागतो, आणि तोवर लाटा फळ्या खिळखिळ्या करतात. जून २००० मध्ये कांदोळीला रुतलेलं 'रिव्हर प्रिन्सेस' हे मोठं जहाज दहा वर्षांहून अधिक काळ तिथेच होतं. गोव्याला गेलेल्या कित्येक बेळगावकरांनी ते पाहिलं असेल.

ट्रॉलर ओढण्याआधी बर्फ, जाळी, डिझेल उतरवतात. एक टन वजन कमी झालं की बोट तरंगायला जवळपास एक घनमीटर कमी पाणी बाजूला सारावं लागतं.