प्राग एका दिवसात, पायी: आधी किल्ला, मग घड्याळ

व्हिएन्ना-बर्लिनच्या मधे प्रागला एकच दिवस ठेवणारे आमचे बहुतेक ग्राहक आम्ही आखलेला सहलीचा आराखडा हातात पडला की एकच प्रश्न विचारतात: "हॉटेल जुन्या शहरात आहे, मग सकाळीच नदीपलीकडच्या टेकडीवरच्या किल्ल्यात कशाला पाठवता?" सगळ्यांसाठी एकदाच नीट लिहून ठेवतो.

हॉटेलातून बाहेर पडलं की पाय आपसूक जुन्या शहराच्या चौकाकडे वळतात. तिथे 1410 सालचं खगोलीय घड्याळ आहे. दहाच्या ठोक्याला होणारा त्यातल्या मूर्तींचा खेळ चुकला की माणूस अकरापर्यंत थांबतो. मग कॉफी, फोटो, ऐन गर्दीतला पूल, पलीकडची चढण. वर पोचेपर्यंत साडेतीन-चार वाजतात. किल्ल्यातल्या तिकीट काढून बघायच्या इमारती एप्रिल ते ऑक्टोबर 5 वाजता आणि हिवाळ्यात 4 वाजता बंद होतात, आत सोडणं त्याआधीच थांबतं. 1344 साली सुरू होऊन 1929 साली पूर्ण झालेलं सेंट व्हायटस कॅथेड्रल मग बाहेरूनच बघून परतावं लागतं. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींमध्ये ही सगळ्यात जास्त.

घड्याळ कुठेही जात नाही. त्यातल्या प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या शिष्यांच्या, मूर्ती सकाळी 9 पासून रात्री 11 पर्यंत दर तासाला फिरतात आणि तो खेळ मिनिटभराचाही नसतो. संध्याकाळी सहाला बघा, काही कमी दिसणार नाही.

म्हणून आम्ही साडेआठच्या आत 22 नंबरच्या ट्राममध्ये बसवतो. ट्राम चढण चढते, तुम्ही पोहोर्झेलेत्स थांब्यावर उतरता आणि तिथून दिवसभर बहुतेक उतारच. गुडघ्यांचा त्रास असलेल्या आई-बाबांना घेऊन जाणाऱ्यांनी तर हा क्रम अजिबात बदलू नये. कागदी तिकीट घेतलं असेल तर शिक्का मारायला विसरू नका. शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट, दंड होतो.

किल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बुरूज आणि तटबंदी येते. इथे चौक, चर्च, राजवाडे आहेत आणि देशाच्या राष्ट्राध्यक्षांचं कार्यालयही. जुन्या राजवाड्यातली ती खिडकी जरूर बघा, जिच्यातून 1618 साली सम्राटाच्या अधिकाऱ्यांना खाली फेकलं आणि तीस वर्षांचं युद्ध पेटलं.

तिथून नेरुदोवा रस्त्याने उतरत माला स्त्राना, म्हणजे किल्ल्याखालची जुनी वस्ती. जेवण इथेच उरका. शाकाहारी मंडळींनी 'स्माझेनी सीर' मागावं: तळलेलं चीज, सोबत बटाटे.

मग चार्ल्स पूल. लांबी 516 मीटर, दोन्ही कठड्यांवर मिळून 30 पुतळे. पायाभरणीचा मुहूर्त 1357 साली, नवव्या दिवशी, सातव्या महिन्यात, पहाटे 5 वाजून 31 मिनिटांनी काढला होता असं सांगतात. आकडे ओळीने मांडा: 135797531. पुढून वाचा, मागून वाचा, तेच! मुहूर्त मानणाऱ्या आपल्या लोकांना ही गोष्ट फार आवडते.

पुलापलीकडे जुनं शहर, घड्याळ आणि पाय साथ देत असतील तर वेन्सेस्लास चौक. तिथे बाटाची 1929 सालची इमारत आहे. बाटा आपलीच कंपनी असं अनेकांना वाटतं, पण ती 1894 साली झ्लीन या चेक गावात सुरू झाली. बुटांचा विषय निघालाच आहे तर, नवे बूट घालून जाऊ नका. सगळीकडे दगडी फरसबंदी आहे. महिनाभर वापरलेलेच बूट न्या.

नकाशा तर फोनवर फुकट मिळतो, मग आराखड्याचे पैसे कसले, असंही विचारलं जातं. नकाशा रस्ता दाखवतो, वार बघत नाही. रविवारी कॅथेड्रल दुपारी 12 नंतरच उघडतं, तेव्हा आम्ही सकाळ स्त्राहोव्ह मठात घालवायला सांगतो. शनिवारी ज्यू वस्तीतली सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळं) बंद, तर तो भाग वगळतो. त्यासाठी आम्हाला तीनच गोष्टी कळवा: कोणत्या वारी तिथे आहात, हॉटेलचा पत्ता, आणि सोबत ज्येष्ठ किंवा लहान मुलं आहेत का. विमानाची तिकिटं काढण्याआधी कळवलंत तर प्रागचा दिवस रविवारी येणार नाही एवढंही बघता येतं.