अंगठा अडकलाय की करंगळी वाकलीय?

पोराचं बोट सरळ होत नाही म्हटलं की घरात आधी तेलाची मालीश सुरू होते आणि मग चौकशी, गरोदरपणी ग्रहण पाळलं होतं का? ग्रहणाचा काही संबंध नाही. बघायचं ते एवढंच की वाकलंय कोणतं बोट.

अंगठ्याचं टोक आत वळून अडकलं असेल, तर बहुधा तो ट्रिगर थम्ब. अंगठा वाकवणारा स्नायुबंध, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, अंगठ्याच्या मुळाशी एका अरुंद कड्यातून सरकतो. तो जाडावला की अडतो. तिथे टणक गाठ हाताला लागते. याला जन्मजात म्हणतात खरं, पण जन्मताना तो क्वचितच दिसतो. काही मुलांचा आपोआप सुटतो, म्हणून डॉक्टर थांबायला सांगतात. नाहीच सुटला तर भूल देऊन, छोटासा छेद घेऊन ते कडं मोकळं करतात. अंगठा बहुधा तिथेच सरळ होतो.

करंगळी मधल्या सांध्यात वाकलेली असेल, दुखत नसेल, तर ती कॅम्प्टोडॅक्टिली. पुष्कळदा दोन्ही हातांना असते, कधी बापाचीही तशीच निघते. इथे एकच कडं कापून भागत नाही. कातडी आखूड, स्नायुबंध आखूड, कधी आतला छोटा स्नायू भलतीकडे जोडलेला, आणि वर्षं गेली की सांधाही आखडतो. त्यामुळे पहिला उपाय स्प्लिंट, म्हणजे बोट सरळ धरून ठेवणारी पट्टी, आणि ताण देण्याचा व्यायाम, तोही महिनोन् महिने. वाक ३० अंशांच्या आत असेल तर सहसा शस्त्रक्रियेच्या वाटेला जात नाहीत. वाक जास्त असेल, कामात अडत असेल आणि स्प्लिंटने भागलं नसेल, तर कातडी वाढवणं, आखूड स्नायुबंध सोडवणं, काही वेळा तारेने सांधा धरून ठेवणं, असं करावं लागतं. एवढं करूनही बोट पूर्ण सरळ होईलच असं नाही. उलट मूठ नीट वळेनाशी होऊ शकते. विळा धरायचा तर मूठ लागते. दिसायला बरं म्हणून हा सौदा करू नये, असं मला वाटतं.

मराठवाड्यात संभाजीनगर (घाटी रुग्णालय), अंबाजोगाई, लातूर, नांदेड इथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. त्याआधी अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्यांना हात दाखवावा. करंगळी असेल तर हात टेबलावर पालथा ठेवून दर काही महिन्यांनी फोटो काढावा. वयात येताना उंची झपाट्याने वाढते, तेव्हा हा वाकही वाढू शकतो.