झोडिॲकचे सांकेतिक संदेश: दोन फुटले, दोन का अडले?

१९६९च्या ऑगस्टच्या सुरुवातीला उत्तर कॅलिफोर्नियातल्या तीन वृत्तपत्रांना पत्रं आली. दोन हल्ल्यांची कबुली आणि प्रत्येक पत्रासोबत ४०८ चिन्हांच्या सांकेतिक मजकुराचा एकेक तुकडा. पहिल्या पानावर छापा, नाहीतर आणखी खून पाडीन, अशी धमकी. लिहिणारा लवकरच स्वतःला ‘झोडिॲक’ म्हणवू लागला.

त्याची पद्धत नवी नव्हती. अक्षराच्या जागी ठरावीक चिन्ह लिहिण्याची युक्ती कशी फोडायची, हे अरब विद्वान अल-किंदीनं नवव्या शतकातच लिहून ठेवलं होतं: भाषेत काही अक्षरं वारंवार येतात, काही क्वचित, म्हणून चिन्हं मोजा. यावर तोड म्हणून युरोपात वारंवार येणाऱ्या अक्षरांना अनेक चिन्हं देऊ लागले. इटलीतल्या मांटुआच्या दरबारातला असा नमुना १४०१चा आहे. झोडिॲकनं हेच केलं. तरी सॅलिनासचे शिक्षक डोनाल्ड हार्डन आणि त्यांच्या पत्नी बेटी यांनी आठवडाभरात मजकूर वाचून दाखवला. हा माणूस ‘किल’ हा शब्द पुन्हा पुन्हा लिहिणार, असा बेटींचा होरा होता, आणि त्या इंग्रजी शब्दाच्या शेवटी एकच अक्षर लागोपाठ दोनदा येतं. तिथून गाठ सुटली. लिहिणाऱ्याचं नाव मात्र त्यात नव्हतंच.

नोव्हेंबर १९६९चा ३४० चिन्हांचा संदेश ५१ वर्षं अडून राहिला. यात चिन्हांच्या जोडीला क्रमही मोडलेला होता. बराचसा मजकूर तिरका वाचायचा: एक ओळ खाली, दोन घरं बाजूला, बुद्धिबळातल्या घोड्यासारखा. भर म्हणजे लिहिणारा स्वतःच एका ठिकाणी चुकला होता. अमेरिकेचे डेव्हिड ओरांचक, ऑस्ट्रेलियाचे सॅम ब्लेक आणि बेल्जियमचे यार्ल व्हॅन आयके यांनी लाखो मांडण्या संगणकावर तपासून डिसेंबर २०२०मध्ये तो सोडवला. एफबीआयनं दुजोरा दिला. याही वेळी नाव नाही.

उरले १९७०चे दोन संदेश, १३ आणि ३२ चिन्हांचे. पहिल्याच्या आधी ‘माझं नाव’ असं लिहिलेलं, त्यामुळे सगळ्यांची झुंबड त्याच्यावरच. पण गणितज्ञ क्लॉड शॅननच्या १९४९च्या सिद्धांतानुसार, एका अक्षराला एकच चिन्ह अशा साध्या अदलाबदलीच्या इंग्रजी मजकुराचं एकमेव उत्तर निश्चित करायलाही साधारण २५ ते ३० अक्षरं लागतात; एका अक्षराला अनेक चिन्हं असतील तर आणखी, त्यामुळे ३२ही तोकडीच. म्हणजे १३ चिन्हांत हवं ते नाव बसवता येतं, आणि तशी अनेक नावं बसवलीही गेली आहेत. माझ्या मते हा प्रकार घातक आहे, कारण ती नावं खऱ्या माणसांची असतात.

ऑस्ट्रेलियात ॲडलेडजवळच्या सॉमर्टन किनाऱ्यावर १ डिसेंबर १९४८ला सापडलेल्या अनोळखी मृतदेहाशी जोडलेली, सांकेतिक वाटणारी अक्षरंही अशीच तोकडी, जेमतेम पाच ओळींची. तो माणूस कार्ल वेब असल्याचं संशोधक डेरेक ॲबट यांनी २०२२मध्ये जाहीर केलं, ते त्याच्या चेहऱ्याच्या प्लास्टरच्या साच्यात अडकलेल्या केसांच्या डीएनएवरून. अक्षरांचा अर्थ अजून लागलेला नाही.